जुनी पद्मिनी सांभाळताना या चुका टाळा

आमच्याकडे वडिलांनी घेतलेली १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे, दर रविवारी ठाण्यात घोडबंदर रोडला निघतेच. माझं म्हणणं सरळ आहे, डोळ्याला दिसतं ते ओरिजिनल ठेवा आणि ज्याच्यावर आपला जीव अवलंबून आहे ते बिनधास्त नवीन टाका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रबरात ओरिजिनलपणा शोधणं. मी जुन्या स्टॉकमधले ब्रेक होज, म्हणजे चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारे रबरी पाइप, बसवले होते, बाहेरून एकदम कोरे. माजिवड्याला गाडी ओढेचना, उतरून बघतो तर पुढचं डावं चाक इतकं तापलेलं की ड्रमजवळ हात धरवेना. व्हील सिलेंडर बदलला तरी तेच. होज आतून फुगला होता, पेडल दाबलं की ऑइल जायचं पण परत यायचं नाही. असं झालं तर चाक उचलून, स्टँडवर नीट टेकवून, जाम असतानाच ब्लीडर, म्हणजे चाकाजवळचा ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू, जरा ढिला करा. चाक सुटलं आणि त्रास एकाच चाकाला असेल तर आधी होज बघा. दोन्ही पुढची चाकं जाम असतील तर पेडलकडचा मास्टर सिलेंडर बघा, सगळ्या चाकांना ऑइल तिथूनच ढकललं जातं.

पेट्रोलच्या पाइपाचंही तसंच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्याने मऊ पडतं, चिरतं, आणि पाइप गरम इंजिनाजवळूनच जातो, त्यामुळे पेट्रोलचा वास आला की आधी इंजिन बंद. इथेनॉल चालेल असाच होज घ्या. आणि पावसाळाभर गाडी उभी ठेवणार असाल तर बघा, इथेनॉल ओल खेचतं, टाकीत गंज धरतो.

पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे जुने कॉन्टॅक्ट, काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं तर काही बिघडत नाही, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली कोणाला दिसतंय! फक्त काढलेला पार्ट भंगारात देऊ नका, नाव लिहून डब्यात ठेवा. हेडलाइटला जास्त वॅटचे बल्ब लावायचे तर रिले, म्हणजे जास्त करंट स्वतः पेलणारा वेगळा स्विच, टाकाच, नाहीतर सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो आणि स्विच वितळतो.

पण पत्र्याला भोक पाडू नका हो! स्पीकरसाठी कापलेला डॅशबोर्ड परत जुळत नाही, मला फार वाईट वाटतं असं बघून.

आणि ५० वर्षं झाली की व्हीए नंबर, म्हणजे विंटेज गाड्यांचा वेगळा रजिस्ट्रेशन नंबर, घेऊ म्हणताय, तर चासी, बॉडी, इंजिन मूळचं लागतं, आणि नंतर रोज फिरवता येत नाही, रॅली-प्रदर्शनालाच काढायची.