इजेक्शन सीटच्या चाचणीत जीपीएस वापरताय? या चुका टाळा

चंदीगडच्या टीबीआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत रॉकेट स्लेडवरून, म्हणजे रॉकेटने रुळावर पळणाऱ्या गाडीवरून, खऱ्या इजेक्शन सीटची (वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीची) चाचणी घेतात. इथे रत्नागिरीच्या कातळसड्यावर कॉलेजची मुलं दाबलेल्या हवेने जीपीएस रिसीव्हर बांधलेली छोटी डमी (माणसाचा पुतळा) उडवून तोच अभ्यास करतात. चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे जीपीएसच्या आलेखाची रेषा गुळगुळीत आली की ती खरी मानणं. मागच्या मोसमात एक गट लॅपटॉप घेऊन धावत आला. "सर, कर्व्ह बघा ना, किती सुंदर आलाय!" व्हिडिओत डमी सुटताक्षणी कोलांट्या खात होती, पॅराशूट उघडताना चांगलाच हिसका बसला होता. आलेखात यातलं काहीच नव्हतं. मी लॉगमधला (रिसीव्हरच्या नोंदींमधला) उपग्रहांच्या संख्येचा रकाना उघडायला लावला. सुटण्याआधी १४, मग ३, मग शून्य. पॅच अँटेना (एकाच दिशेला बघणारी चपटी अँटेना) एकच, तीही डोक्यावर. डमी उलटली की अँटेनाचं तोंड जमिनीकडे. तेवढा वेळ रिसीव्हर आधीच्या वेगावरून अंदाजाने रेषा ओढत होता, आणि तीच रेषा अहवालात जाणार होती!

मी छातीवर एक आणि पाठीवर एक असे दोन स्वतंत्र रिसीव्हर लावतो. पाचपेक्षा कमी उपग्रहांच्या ओळी आलेख काढण्याआधीच उडवतो. आलेखात भोक पडलं तर पडू दे, ते भरायचं नाही.

दुसरी चूक, रिसीव्हर खोक्यातून काढला तसाच वापरणं. खऱ्या सीटला रुळावरून वर ढकलणारा पहिला टप्पा साधारण ०.२ सेकंदात आटोपतो. सेकंदाला एक नोंद घेणाऱ्या रिसीव्हरला तो दिसतच नाही, १० हर्ट्झवाल्याला जेमतेम दोन नोंदी मिळतात. यूब्लॉक्स कंपनीचे रिसीव्हर 'पोर्टेबल' मोडमध्ये येतात, ते 'एअरबोर्न ४ जी'वर न्यायलाच हवेत (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण). तरीही सीटला १२ ते २० जी बसतात. १ जी त्वरणाला उपग्रहाकडून येणाऱ्या एल-१ या रेडिओ लहरीची वारंवारता दर सेकंदाला सुमारे ५१ हर्ट्झने सरकते. तिचा माग साध्या रिसीव्हरच्या हातून सुटतो. म्हणून तो पहिला क्षण आयएमयूने (त्वरण आणि फिरणं मोजणाऱ्या सेन्सरने) मोजायचा, आणि जीपीएसने त्याला आधी-नंतरचा आधार द्यायचा. आयएमयू १६ जीचा असेल तर शिखर सपाट कापलं गेलंय का, तेही बघा.

वेग काढायला जागांची वजाबाकी करू नका, डॉप्लरवरून (लहरीच्या वारंवारतेतल्या बदलावरून) आलेला वेग रिसीव्हर देतोच.

भाट्याच्या किनाऱ्यावर उंची उणे साठ-पासष्ट मीटर दिसली तर रिसीव्हर बिघडलेला नाही. ती पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या गणिती लंबगोलावरची उंची आहे, समुद्रसपाटीपासूनची नव्हे.

कॅमेऱ्याची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि लॉगची वेळ जीपीएसची स्वतःची असेल तर २०१७ पासून १८ सेकंदांचा फरक आहे. दोन्ही जुळवल्याशिवाय व्हिडिओशी तुलना करू नका.

आणि घाई! चालू केला, दिवा लुकलुकला, की लगेच उडवायचं. उपग्रहांची पूर्ण अल्मनॅक (सगळ्या उपग्रहांच्या कक्षांची ढोबळ माहिती) उतरायलाच १२.५ मिनिटं लागतात. मी रिसीव्हर पंधरा मिनिटं उघड्या आकाशाखाली ठेवतो, कोणी कितीही चुळबुळ करो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्य मावळल्यावर तर मी चाचणी घेतच नाही. आपल्या अक्षांशावर तेव्हा आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) खवळतं आणि चांगले लागलेले उपग्रहही सुटतात. मुलं कुरकुरतात, पण सामान आवरून दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं.