कंट्रोल्स बदलण्याआधी बोटं मोजा

पहिली दोन वर्षं मी काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम त्याने नेमून दिलेल्या कळांवरच खेळलो. हरलो की वाटायचं, आपला नेम कच्चा आहे. मग एकदा स्वतःच्याच मॅचचं रेकॉर्डिंग सावकाश पाहिलं. बरेचदा मी मेलो होतो ते जागेवर उभा असताना. धूर सोडणारा स्मोक ग्रेनेड ८ या आकड्यावर होता. तो काढायला डावा हात पूर्ण उचलावा लागायचा आणि तेवढा वेळ माझा खेळाडू खांबासारखा उभा राहायचा. नेमाचा तिथे काही संबंधच नव्हता.

नव्याने पीसीवर शूटर खेळणाऱ्यांना म्हणूनच माझं पहिलं सांगणं हे की सेटिंगचा मेनू उघडण्याआधी आपला डावा हात नीट बघा. डब्ल्यू-ए-एस-डी या चालण्याच्या कळांवर हात ठेवला की अनामिका 'ए'वर असते, मधलं बोट 'डब्ल्यू' आणि 'एस' सांभाळतं, तर्जनी 'डी'वर. ही तीन बोटं चालण्यात गुंतलेली. मोकळी उरतात ती करंगळी आणि अंगठा. 'क्यू' दाबायला अनामिका गेली, की डावीकडे सरकणं थांबलं. 'आर' किंवा 'ई'साठी तर्जनी गेली, की उजवीकडे सरकणं थांबलं. क्षणभराच्या रिलोडला, म्हणजे बंदूक पुन्हा भरायला, ते चालतं. पण चकमकीच्या मध्यात जे करावं लागतं, ते चालणाऱ्या बोटांवर टाकू नका. माझी सगळी मांडणी या एका नियमावर उभी आहे.

अंगठा आपण स्पेसबारपुरता बांधून टाकतो, आणि ते मला खरोखर नुकसानीचं वाटतं. तो 'सी' आणि 'व्ही'पर्यंत सहज पोचतो. माझा फ्लॅश, म्हणजे डोळे दिपवणारा ग्रेनेड, 'सी'वर आहे, स्मोक 'व्ही'वर. हात हलत नाही, चालणं तुटत नाही. करंगळीकडे शिफ्ट आणि कंट्रोल असतात, पण तिच्यावर फार भार टाकू नका. तासन्‌तास कंट्रोल दाबून बसून खेळल्यावर माझी करंगळी दुखायला लागली, सकाळी मूठ वळताना जाणवायची. क्राउचसाठी, म्हणजे खाली बसायला, 'होल्ड'ऐवजी (कळ धरून ठेवणं) 'टॉगल' (एकदा दाबून बसणं, पुन्हा दाबून उठणं) निवडता येत असेल, तर ज्या गेममध्ये बराच वेळ बसून राहावं लागतं तिथे टॉगल घ्या. काउंटर-स्ट्राइकसारख्या झटपट बसण्या-उठण्याच्या खेळात मात्र होल्डच बरा. तिथे दुखलं तर कळ बदला, आणि तरीही दुखत राहिलं तर खेळणं थांबवा.

माउसच्या बाजूची दोन बटणं मोहात पाडतात. ती दाबताना अंगठा माउसला चिमटा काढतो आणि क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, किंचित हलतो. म्हणून गोळी झाडताना लागणारी गोष्ट तिथे नको. माझ्याकडे तिथे पिंग (सोबत्यांना जागा दाखवणारी खूण) आणि चाकू आहे. स्क्रोलचं चाक फिरवणं कळीसारखं धरून ठेवता येत नाही, ते नुसता एक टिचका देतं. त्यावर उडी चालते, क्राउच चालत नाही. चाकावरची शस्त्रबदली मी काढूनच टाकली, कारण घाईत हातात रायफलऐवजी भलतंच काही यायचं.

आता सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस सरकवल्यावर गेममधली नजर किती वळते तो आकडा. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, माझाही गेला. कुणाचा तरी आकडा उचलायचा, दोन मॅच हरायच्या, दुसऱ्याचा उचलायचा. पण नुसत्या आकड्याला डीपीआयशिवाय (माउस एक इंच सरकला की किती काउंट पाठवतो ते) अर्थ नसतो. अर्थ आहे तो अंतराला: गेममध्ये पूर्ण गोल फिरायला माउस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो? काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना माउसच्या एका काउंटला नजर ०.०२२ अंश वळते. म्हणजे ८०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी १ असेल तर पूर्ण फेरीला साधारण ५२ सेंटिमीटर लागतात. मी सुरुवातीला १६०० डीपीआयवर ३ ठेवून खेळत होतो. त्याचं गणित केलं तर पावणेनऊ सेंटिमीटरच्या आतच! मनगट जरा थरथरलं तरी क्रॉसहेअर डोक्यावरून निघून जायचा. आज मी ८०० वर १.२५ ठेवतो, फेरीला साडेएक्केचाळीस सेंटिमीटर. तोच हात व्हॅलोरंट या दुसऱ्या शूटरमध्ये हवा असेल तर या आकड्याला ३.१८ ने भागायचं, येतं ०.३९३. गणित नको असेल तर माउसपॅडवर पट्टी ठेवून मोजा.

त्याआधी विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा. ते चालू असताना माउस जितक्या वेगाने सरकवाल तितका कर्सर जास्त पळतो, म्हणजे हात तोच आणि वळण वेगळं. गेममध्ये रॉ इनपुट (माउसची हालचाल विंडोजच्या फेरफाराविना थेट घेणं) असेल तर ते चालू ठेवा. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर उगवणारी स्टिकी कीजची खिडकीही आत्ताच बंद करून टाका.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: साधे कीबोर्ड काही कळा एकत्र दाबल्या की त्यातली एक गिळतात. नवी बाइंड, म्हणजे कळीला नेमलेलं काम, ठरवली की शिफ्ट, 'डब्ल्यू' आणि 'ए' धरून ती कळ दाबून बघा. उमटली नाही तर दोष तुमच्या बोटांचा नाही, जागा बदला.

एका कळीवर दोन-दोन कामं बांधायच्या फंदात मात्र पडू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ मध्ये हालचालीची किंवा हल्ल्याची एकापेक्षा जास्त कामं एकत्र करणाऱ्या बाइंड्स रोखल्या, आणि आपोआप उलटी कळ दाबून देणाऱ्या कीबोर्डच्या सोयीवरही बंदी आणली. थांबण्यासाठी उलटी कळ (डावीकडे सरकताना उजवीकडची) दाबायचं कसब हातानेच कमवायचं आहे.

हे सगळं बदलताना 'लोक असं खेळत नाहीत' ही भीती मनात येते. पण डब्ल्यू-ए-एस-डी तरी कुठून आलं? १९९३ च्या डूममध्ये चालणं बाणांच्या कळांवर होतं. १९९७ मध्ये थ्रेश या नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने क्वेक या शूटरची मोठी स्पर्धा जिंकली, बक्षीस म्हणून तो गेम बनवणाऱ्यांपैकी जॉन कारमॅकची फेरारी मिळवली, आणि त्याची मांडणी लोकांनी उचलली. तीही कुणीतरी आपल्या हाताला बघून बसवलेलीच होती. तुमची बोटं आखूड असतील, तुम्ही डावखुरे असाल, 'ई-एस-डी-एफ'वर हात जास्त मोकळा वाटत असेल, तर खुशाल तसं करा.

फक्त एका आठवड्यात एकच कळ बदला. स्मोक 'व्ही'वर नेल्यावर पहिले चार दिवस माझा हात ८ कडेच धावत होता. बॉट्ससोबत, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या खेळाडूंसोबत, रोज पंधरा मिनिटं नुसते ग्रेनेड फेकत बसलो, रँक्ड मॅचला हात लावला नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी बोलता बोलता स्मोक पडला आणि कळ कुठली दाबली ते मला आठवलंच नाही. तेव्हा पुढची बाइंड हातात घेतली.