लाडू नजरेने मोजताय? या चुका टाळा

मागच्या दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या, २५ बेसन लाडवांचा एक डबा. सकाळपासून समोर तीन परातभर लाडू, दिवसभर तेच बघत वळत बसलेली, आणि संध्याकाळी डबे भरायला घेतले तर प्रत्येक डबा मला अर्धवटच वाटायला लागला, म्हणून दोन-तीन जास्तीचे टाकत गेले आणि शेवटी दोन डबे भरायचे राहिले नि पराती रिकाम्या! नवरा म्हणाला, मोजून का नाही भरलेस? अहो, २५ लाडू दिसत नाहीत का मला?

तर नाही दिसत. डेव्हिड बर आणि जॉन रॉस या दोन संशोधकांनी २००८ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या विज्ञान नियतकालिकात हे मांडलं की भरपूर ठिपक्यांकडे थोडा वेळ बघितलं की नंतरचे ठिपके आहेत त्यापेक्षा कमी वाटतात, आणि मोजक्या ठिपक्यांकडे बघितलं की उलटं. म्हणजे पहिली चूक हीच, मोठ्या ढिगाकडे बघून लगेच छोट्या ढिगाचा अंदाज करणं.

विश्वास नाही ना? एका ताटलीत खच्चून राजमा पसरा, शेजारच्या ताटलीत आठ-दहाच दाणे. मधल्या एका खुणेवर अर्धा मिनिट नजर रोखा, अजिबात हलवायची नाही, मग दुसऱ्या कुणाला तरी पटकन त्याच जागी तीस-तीस दाण्यांच्या ताटल्या ठेवायला सांगा. खचाखच ताटली होती त्या बाजूला कमी वाटतील. (काहींच्या मते ही आकड्याची नाही, दाटीची गंमत आहे. वाद चालू आहे, लाडू मात्र माझे गेले.)

दुसरी चूक जरा फसवी आहे कारण ती उलट्या दिशेने जाते. एकामागून एक अंदाज सांगत गेलं की आधीचा आकडा पुढच्याला आपल्याकडे ओढतो, आधी जास्त असेल तर आताचाही थोडा वर सरकतो. म्हणून पंगतीची पानं, हॉलमधली माणसं असं ओळीने सांगत सुटू नका, मध्ये एखादी खरी मोजणी करा.

आणि "मला सवय आहे" हे तर बोलूच नका. जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये हजारावर वेळा डब्यात घेवड्याचे दाणे टाकून एका नजरेत आकडा सांगायचा प्रयोग स्वतःवर केला, ३ आणि ४ ला एकदाही चुकला नाही, ५ पासून चुकायला लागला. आपली नजर चारपर्यंतच पक्की!

म्हणून यंदा चार-चारच्या ओळी. सहा ओळी आणि वर एक, झाले २५. परात पाठीमागच्या टेबलावर, डोळ्यासमोर नकोच. तो वरचा एक तेवढा नवऱ्याने उचलला की काय, हे अजूनही बघावं लागतं.