गोव्याची पोस्टकार्डं विकायची तर आधी मागची बाजू बघा

पर्यटकाच्या खिशात आज चांगला कॅमेरा असतो. त्याला कळंगुटचा सूर्यास्त विकायला जाऊ नका. तो त्याने कालच काढलाय आणि घरच्या ग्रुपवर टाकूनही झालाय. कार्डावर खपतो तो त्याला न दिसलेला गोवा. म्हापशात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं-बारशांवर घर चालतं आणि हिवाळ्यात हा कार्डांचा जोडधंदा. नव्याने उतरणाऱ्यांसाठी लिहितोय.

गिऱ्हाईक येतं ऑक्टोबर ते मार्च, म्हणून फोटो काढायचे जून ते सप्टेंबर. दिवाडीच्या फेरीबोटीतून दिसणारी भरलेली शेतं, २४ जूनच्या सांजांवला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या टाकणारी पोरं, माशेलचा चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस चर्चच्या भिंतींना बाहेरून गिलावा नाही. तो उघडा चिरा पावसात भिजला की जो लाल रंग धरतो, तो जानेवारीत मिळत नाही. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बॅगेबाहेर काढू नका, लेन्सवर धुकं बसतं.

परवानग्यांचं थोडक्यात. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात हातात कॅमेरा धरून फोटो चालतात, ट्रायपॉड लावायचा तर आधी विचारा. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवर कुठे उडवायला बंदी आहे तो नकाशा बघा. एवढ्याशा गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. चेहरा स्पष्ट ओळखू येत असेल तर त्या माणसाची सही घ्या. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या रंगीत घरांच्या वस्तीतली माणसं खिडकीसमोर पोज देणाऱ्यांना विटलेली आहेत, तिथे दार वाजवून विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात. आणि पणजी मार्केटातली व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची भित्तिचित्रं कार्डावर छापायचा मोह टाळा. भिंत सार्वजनिक असली म्हणून चित्र सार्वजनिक होत नाही. मारिओ २०११ मध्ये गेले आणि आपल्या कायद्यात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

आता छपाई, कारण धंदा खरा इथे बसतो किंवा उठतो. आकार ६ बाय ४ इंच. फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे किमान १८०० बाय १२०० पिक्सेल, आणि चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारं जास्तीचं चित्र. नाहीतर कटिंगमध्ये कडेला पांढरी रेघ येते. कागद ३०० ते ३५० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) जाडीचा, पण एका बाजूलाच कोटिंग असलेला. मागची बाजू गुळगुळीत असली की जेल पेनची शाई पुसली जाते आणि गिऱ्हाईक दुकानातच कार्ड परत ठेवतं. प्रेसवाला 'लॅमिनेशन करू या, चकाकेल' म्हणेल. नको म्हणा. एका बाजूला प्लास्टिक आणि दुसरी बाजू उघडी असली की आपल्या दमट हवेत उघडी बाजू ओल पिते आणि कार्ड पापडासारखं वळतं.

रंगांत सगळ्यात दगा देतो निळा. फोंतेन्हासची निळी भिंत स्क्रीनवर झकास दिसते, छापल्यावर जांभळी होते. फाइल सीएमवायके या छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत बदला आणि त्या निळ्यातला मॅजेंटा (गुलाबी शाई) सायनपेक्षा (निळ्या शाईपेक्षा) निदान ३० टक्क्यांनी खाली ठेवा. मग डिजिटल प्रेसवर एक शीट काढून ते दारात, उन्हात धरून बघा. ट्यूबलाइटखाली सगळेच रंग बरे दिसतात. १३ बाय १९ इंची शीटवर ब्लीडसकट ८ कार्डं बसतात, म्हणून पहिला संच ८ चित्रांचाच करा. कुठलं चित्र चालतंय ते डिजिटलच्या थोड्या प्रतींवर कळू द्या, मोठ्या संख्येच्या ऑफसेट छपाईला नंतर जा.

मागे डावीकडे मजकुराला जागा, उजवीकडे पत्ता आणि तिकिटाची चौकट. खाली जागेचं नाव आणि एक ओळ माहिती, बारीक अक्षरात. 'बॉम जेझस, १६०५, जागतिक वारसा यादीत १९८६ पासून' एवढं पुरतं. जाहिरात करून लिहायची जागा खाऊ नका. छापण्याआधी कोरं नमुना कार्ड पोस्टाच्या काउंटरवर दाखवून देशातलं आणि परदेशातलं तिकीट किती लागेल ते विचारून घ्या. तो दर दुकानदाराला चिठ्ठीवर लिहून द्या, गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.

किंमत छपाईच्या पाचपट धरा. कार्ड ७ रुपयांत पडलं तर ३५ ला विका. दुकानदाराला ४० टक्के म्हणजे १४ गेले, ७ छपाईचे, तुमच्या हातात १४ उरतात. त्यातून मळलेली, दुमडलेली कार्डं वजा. सुरुवातीला कोणी रोख घेणार नाही, माल जांगडावर, म्हणजे विकला गेला तरच पैसे या बोलीवर, द्यावा लागतो. वहीत चित्रागणिक नग लिहा आणि दुकानदाराची सही घ्या. बीचवरच्या दुकानांपेक्षा कॅफे, पुस्तकांची दुकानं आणि छोटी होमस्टे बरी, कारण तिथे माणूस टेबलाशी बसतो आणि बसलेला माणूसच पत्र लिहितो. पोस्टक्रॉसिंगवालेही धरून ठेवा. २००५ मध्ये एका पोर्तुगीज तरुणाने सुरू केलेला हा कार्डांच्या देवाणघेवाणीचा खेळ आहे. ते लोक एकाच चित्राच्या दहा-दहा प्रती नेतात.

रॅक लाकडी करा. पत्र्याचा फिरता स्टँड खाऱ्या वाऱ्यात एका मोसमात गंजतो आणि गंज कार्डाच्या कडेला लागतो. दारातला रॅक उन्हात येत असेल तर आत घ्यायला सांगा. शिवोलीतली एक दुकानदारीण मला म्हणाली होती, "बाबा, आत ठेवला तर दिसणार कोणाला?" तिच्याकडे आता गल्ल्याशेजारी छोटा रॅक असतो आणि विक्री दारापेक्षा तिथे जास्त.

कागदपत्रांचा बाऊ नको. छोट्या धंद्यांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही.

मार्च संपला की प्रत्येक दुकानात जाऊन वहीप्रमाणे नग मोजा, हिशेब त्याच दिवशी मिटवा आणि उरलेला माल घरी आणा. मे महिन्यात दुकानं बंद व्हायला लागतात आणि मालक गावाला गेला की ऑक्टोबरपर्यंत फोन लागत नाही. आणलेली कार्डं झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, जमिनीपासून वर ठेवा.