थायमसच्या प्रयोगातल्या या चुका टाळा

नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला होता आणि इकडे लॅबमध्ये मी पार्टी जाहीर करून बसलो होतो. जीन काढून टाकलेल्या उंदरांच्या थायमसमध्ये (टी पेशी जिथे घडतात त्या छातीतल्या ग्रंथीत) सीडी४ पेशी, म्हणजे मदतनीस टी पेशी, १० टक्क्यांवरून थेट ३३! शेजारच्या ताईने चहा ढवळत विचारलं, “काउंट किती आला रे?”

तो, म्हणजे पेशींचा प्रत्यक्ष आकडा, मी बघितलाच नव्हता. निरोगी उंदरात १० कोटी पेशी होत्या: ८ कोटी डबल पॉझिटिव्ह (सीडी४ आणि सीडी८ ही दोन्ही प्रथिनं दाखवणाऱ्या कच्च्या पेशी), १ कोटी सीडी४, बाकी इतर. माझ्या उंदरात डबल पॉझिटिव्ह मरून १ कोटी उरल्या होत्या, एकूण ३ कोटी. सीडी४ तेवढ्याच, १ कोटी. वाढलं काहीच नव्हतं, फक्त भागाकार बदलला होता. मग कळलं, रंगकामासाठी याच उंदरांचे पिंजरे दोन दिवसांपूर्वी हलवले होते. ताणाने कॉर्टिकोस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि डबल पॉझिटिव्ह पेशी त्याला सगळ्यात आधी बळी पडतात. दोन आठवडे थांबून पुन्हा केलं, फरक गायब. त्यामुळे टक्केवारीसोबत काउंट लिहाच.

दुसरी चूक नावामुळे होते. सीडी४-क्री (सीडी४ जीनच्या स्विचवर चालणारं, ठरवलेला जीन कापून काढणारं एन्झाइम) वापरला की जीन फक्त सीडी४ पेशींतून जाईल असं नवख्यांना वाटतं. क्री चालू होतो डबल पॉझिटिव्ह टप्प्यावर, आणि सीडी८ पेशीही (मारक टी पेशी) त्याच टप्प्यातून येतात. जीन तिथूनही जातो. शिवाय काही क्री स्वतःच पेशींना त्रास देतात, म्हणून नुसता क्री असलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा उंदीरही हवा.

माणसाच्या रक्तातल्या पेशींत फॉक्सपी३ हे प्रथिन दिसलं की लगेच ‘रेग्युलेटरी टी पेशी’ (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या) लिहून मोकळे होऊ नका. साध्या टी पेशी उत्तेजित झाल्या तरी थोडा वेळ ते दाखवतात.

पुण्यात सॅटबी१ या प्रथिनाचं नाव निघतंच. संजीव गलांडे यांच्या गटाने आधी एनसीसीएस, मग आयसर या इथल्याच संशोधन संस्थांमध्ये त्यावर बरंच काम केलं. हे प्रथिन डीएनएच्या वळ्या सांभाळतं, म्हणजे एकदम अनेक जीन्सना हात लावतं. ते काढल्यावर एखादा जीन बंद पडला, तर तो थेट त्याच्याच हुकमतीत होता असं धरू नका. तिथे ते प्रथिन बसतं का, ते तपासा.

आणि वय. ४ ते ६ आठवड्यांच्या उंदराचा थायमस भरलेला असतो, पुढे आटत जातो. तुलना एकाच वेतातल्या भावंडांशी करा. पिंजऱ्याच्या कार्डावर जन्मतारीख नसेल, तर तो उंदीर घेऊच नका.