होम थिएटर प्रोजेक्टर कसा निवडावा आणि पडद्यावरची हालचाल कशी तपासावी

दुकानात प्रोजेक्टर दाखवतात तेव्हा पडद्यावर काय चालू असतं, ते एकदा नीट बघा. संथ उमलणारं फूल, ड्रोनमधून दिसणारा समुद्र, रंगीत मासे. अशा चित्रात रंग खुलतात आणि हालचालीतला दोष मात्र दिसतच नाही. तोच प्रोजेक्टर घरी आणून क्रिकेटचा सामना लावला की खरं काय ते कळतं: चेंडू सीमारेषेकडे निघतो, कॅमेरा त्याच्या मागे वळतो आणि सगळं मैदान हिसके खात सरकतं. लुमेन (उजेडाचं माप), रिझोल्यूशन, कॉन्ट्रास्ट हे आकडे खोक्यावर छापलेले असतात. हालचाल कुठेच छापलेली नसते, ती स्वतःच्या डोळ्यांनीच तपासावी लागते. आणि बहुतेक वेळा हिसक्यांचं मूळ प्रोजेक्टरच्या दुबळेपणात नसून आत येणारं चित्र आणि प्रोजेक्टर यांचा वेग न जुळण्यात असतं. ते एकदा समजलं की निवड बरीच सोपी होते.

पायरी १: आधी खोली मोजा

१०० इंची पडदा म्हणजे सुमारे २.२१ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो. त्याला पडद्याच्या रुंदीने गुणलं की प्रोजेक्टर किती अंतरावर ठेवायचा ते निघतं. रेशो १.२ असेल तर साधारण २.६५ मीटर, म्हणजे पावणेनऊ फूट. दहा बाय बाराच्या खोलीत हे बसतं. बसायची जागा पडद्यापासून नऊ-दहा फुटांवर ठेवा.

माळवदाचं जुनं घर असेल तर जाड भिंतींची, लहान झरोक्याची आतली खोली निवडा. दुपारीही तिथे अंधार असतो आणि उन्हाळ्यात गारवा. मात्र चुन्याने रंगवलेल्या भिंती पडद्याचा उजेड परत पडद्यावरच फेकतात आणि काळा रंग राखाडी दिसायला लागतो. पडद्याजवळच्या भिंतींना आणि वरच्या छताला गडद, चमक नसलेला रंग द्या. एवढ्याने जो फरक पडतो, तो महागडा प्रोजेक्टर घेऊनही पडत नाही.

पायरी २: लुमेनचा आकडा तपासा

स्वस्त प्रोजेक्टरवर नुसतं ‘९००० लुमेन’ असं लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. ‘एएनएसआय लुमेन’ किंवा ‘आयएसओ लुमेन’, म्हणजे ठरलेल्या मानकाने मोजलेले लुमेन किती, एवढंच विचारा. डिजिटल सिनेमागृहात पडद्यावरच्या पांढऱ्याची पातळी ४८ निट (पडद्याच्या उजळपणाचं माप) धरलेली असते. साध्या १०० इंची पडद्यावर तेवढी पातळी गाठायला पूर्ण अंधारात सुमारे ४२० खरे लुमेन पुरतात. पण चांगल्या रंगांच्या मोडमध्ये उजेड बराच घटतो, आणि दिवाही वापरानुसार मंद होत जातो. म्हणून अंधाऱ्या खोलीसाठी १००० ते १५०० आणि दिवाणखान्यात दिवा लावून बघायचं असेल तर २५०० च्या पुढे, असा हिशोब ठेवा.

उन्हाळ्यात गच्चीवर रात्रीचा सामना लावायचा असेल तर एक लक्षात असू द्या. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि नीट अंधार पडायला साडेसात उजाडतात. चांदणं फारसं आड येत नाही, संधिप्रकाश मात्र येतो.

‘४के सपोर्टेड’ म्हणजे प्रोजेक्टर ४के चित्र स्वीकारतो, एवढंच. दाखवतो किती, ते ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशनमध्ये लिहिलेलं असतं. ते १०८०पी (१९२० x १०८० पिक्सेल) पेक्षा कमी असेल तर घेऊ नका.

पायरी ३: आतलं तंत्र ओळखा

डीएलपीमध्ये सूक्ष्म आरशांची चिप असते. हालचाल तिच्यावर बहुधा रेखीव दिसते. पण एकच चिप असलेल्या प्रोजेक्टरमध्ये लाल, हिरवा, निळा एकामागोमाग येतात, त्यामुळे काहींना उजळ गोष्टींच्या कडेला क्षणभर इंद्रधनुष्यासारखे रंग चमकताना दिसतात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं लावा आणि नजर झटकन डावीकडून उजवीकडे न्या. घरातल्या सगळ्यांना हे करून बघायला सांगा, कारण ते एकाला दिसतं आणि दुसऱ्याला अजिबात दिसत नाही. एप्सन ज्यासाठी ओळखली जाते त्या थ्रीएलसीडीमध्ये (तीन छोट्या एलसीडी पटलांचं तंत्र) आणि सोनी-जेव्हीसीच्या एलकॉसमध्ये (उजेड परावर्तित करणाऱ्या एलसीडी चिपांचं तंत्र) तिन्ही रंग एकाच वेळी येतात, त्यामुळे हा त्रास नाही. तिथे हालचालीत पुसटपणा किती येतो, तेवढं बघायचं.

पायरी ४: वेगाचं गणित समजून घ्या

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचं. मोबाइलवरचे व्हिडिओ बहुधा ३० किंवा ६० फ्रेमचे. आणि कित्येक अँड्रॉइड प्रोजेक्टर काहीही आत आलं तरी पडद्यावर ६० हर्ट्झच दाखवतात. सगळा घोळ इथे होतो.

२४ ला ६० मध्ये बसवायचं तर एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. म्हणजे एक ५० मिलिसेकंद थांबते, दुसरी ३३. चाल लंगडी होते. ५० चं ६० करताना दर पाचवी फ्रेम दुप्पट होते, म्हणून क्रिकेटमध्ये कॅमेरा फिरला की सेकंदाला दहा अडखळी येतात. जो प्रोजेक्टर २४ ला त्याच्याच पटीत, म्हणजे ४८, ७२, ९६ किंवा १२० वर दाखवतो आणि ५० ला ५० वर किंवा त्याच्या पटीत, त्यावर ही लंगडी चाल येत नाही.

पण सगळे हिसके प्रोजेक्टरच्या माथी मारू नका. २४ फ्रेमचा सिनेमा मुळातच तुटक पावलांनी चालतो. म्हणून कॅमेरा फिरवताना एखादी वस्तू पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला सात सेकंद तरी द्यावेत, असा छायाचित्रणातला ढोबळ नियम आहे. सात सेकंदांत १६८ फ्रेम होतात. १०० इंची पडद्यावर प्रत्येक फ्रेमला ती वस्तू सव्वा सेंटिमीटरहून जास्त उडी मारते. तेच दृश्य मोबाइलवर बघितलं तर उडी एक मिलिमीटरचीही नसते. म्हणून मोबाइलवर गुळगुळीत वाटलेला सिनेमा मोठ्या पडद्यावर अडखळल्यासारखा वाटू शकतो. चित्र जितकं उजळ, तितकी ही उडी जास्त जाणवते. अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर ‘इको’ मोडवर ठेवला तर डोळ्यांना आराम पडतो, त्याचं हे एक कारण.

पुसटपणा ही वेगळी गोष्ट आहे. जुन्या रिळाच्या प्रोजेक्टरमध्ये फिरती झडप असे आणि प्रत्येक फ्रेम दोन-तीन वेळा झाकली जाऊन पडद्यावर क्षणभर अंधार होई. आताचं एलसीडी आणि एलकॉसचं चित्र पुढची फ्रेम येईपर्यंत तसंच धरून ठेवलेलं असतं. आपली नजर मात्र चेंडूबरोबर पुढे सरकत असते. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा दोन सेकंदांत ओलांडणारी वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल जाते. ६० हर्ट्झवर ती एका फ्रेमच्या वेळात १६ पिक्सेल फरपटते आणि तेवढी कड पुसट दिसते.

यावर उपाय म्हणून प्रोजेक्टर दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतः तयार करून घालतो. सोनीत त्याला मोशनफ्लो म्हणतात, जेव्हीसीत क्लिअर मोशन ड्राइव्ह, एप्सनमध्ये फ्रेम इंटरपोलेशन. क्रिकेटला याचा फायदा होतो. सिनेमात मात्र सगळं दूरदर्शनवरच्या मालिकेसारखं दिसायला लागतं आणि दृश्याचं वजन जातं. माझं मत स्पष्ट आहे: सिनेमासाठी हे बंद ठेवावं, फार तर सगळ्यात खालच्या पातळीवर.

पायरी ५: आपल्या क्लिपा स्वतः तयार करा

पेनड्राइव्हवर तीन-चार छोटे व्हिडिओ घ्या. संभाजीनगरला असाल तर बीबी का मकबऱ्यासमोर उभे राहा, मोबाइल दोन्ही हातांनी छातीशी धरा आणि डाव्या मिनारापासून उजव्या मिनारापर्यंत सात-आठ सेकंदांत संथ वळा. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये हे एकदा २४ फ्रेमवर आणि एकदा ६० वर घ्या. आपोआप मोडमध्ये फ्रेमचा वेग मध्येच बदलतो आणि चाचणी फसते. मकबरा लांब असेल तर ओळीने उभे विजेचे खांब चालतील, उभ्या रेषा हव्यात एवढंच.

दुसरी क्लिप: लोखंडी गजांच्या फाटकासमोरून चालत जाणारा माणूस. तिसरी: सिनेमाच्या शेवटी वर सरकणारी नामावली. क्रिकेटचं ५० हर्ट्झचं चित्र मोबाइलवर बहुधा तयार होणार नाही, त्यासाठी दुकानातल्या डीटीएच सेट-टॉप बॉक्सवर चालू सामना लावायला सांगा.

पायरी ६: दुकानात बघताना

लातूरच्या गंजगोलाईत घ्या की संभाजीनगरात, दुकानदाराला आधी दिवे घालवायला सांगा आणि मेनूतली हालचालीची सगळी सेटिंग बंद करून घ्या. सुरुवात ६० फ्रेमच्या क्लिपपासून करा. मिनाराच्या उभ्या कडेवर नजर ठेवा आणि तिच्याबरोबर सरका. ती सलग सरकायला हवी. आता २४ फ्रेमची लावा. पावलं तुटक दिसतील, ते ठीक आहे. ती सारखी आहेत का, एवढंच बघा. एक लांब एक आखूड असं होत असेल तर पॅनल (चित्र उमटवणारा आतला भाग) ६० वर अडकलेलं आहे. नामावलीतल्या अक्षरांवर हे सगळ्यात लवकर पकडता येतं: अक्षरं एका लयीत वर जातात की मध्ये मध्ये थरथरतात, ते बघा. मेनूत ‘२४ हर्ट्झ’ दिसलं म्हणून समाधान मानू नका, ते फक्त आत आलेल्या चित्राचं असतं.

मग फ्रेम बनवण्याची सोय चालू करून फाटकाची क्लिप लावा. माणसाच्या कडेभोवती गज वितळल्यासारखे दिसतात का? क्रिकेटमध्ये तोच दोष फलंदाजाच्या पॅडभोवती आणि स्टंपजवळ दिसतो. डीटीएचचं चित्र बहुधा एकाआड एक ओळींचं येतं. ते जुळवताना प्रोजेक्टर कमी पडला तर सीमारेषेच्या कडा दातेरी होतात.

स्वस्त प्रोजेक्टरचा आतला प्लेअर स्वतःच फ्रेम गाळतो. म्हणून तीच क्लिप घरातली फायर टीव्ही स्टिक किंवा तसलाच बॉक्स एचडीएमआयला लावून पुन्हा बघा. मुलं गेम खेळणार असतील तर ‘गेम मोड’मधला इनपुट लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर, विचारा. २० मिलिसेकंदांच्या आसपास उत्तम. मधल्या फ्रेम बनवणं चालू असलं की तो वाढतो.

पायरी ७: ऊन, धूळ आणि लाइट

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत चालवायची मर्यादा बहुधा ३५ किंवा ४० अंश लिहिलेली असते. पत्र्याच्या खोलीत गरम हवा वर साठते, तिथे छताला चिकटवून लावू नका. मागच्या भिंतीवर फळी ठोकून तिच्यावर ठेवा. कूलरचा ओला झोत थेट प्रोजेक्टरवर येऊ देऊ नका. सोयाबीन आणि तुरीच्या मळणीच्या दिवसांत फिल्टर वरचेवर साफ करा. लेन्स आणि चिपचा भाग सीलबंद असलेलं मॉडेल मिळालं तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

दिव्याचा प्रोजेक्टर चालू असताना लाइट गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. तो इन्व्हर्टरवर घ्याच, आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असू द्या. दिवा ३ ते ५ हजार तास चालतो, लेझर सुमारे २० हजार. लाइटचा भरवसा नसलेल्या गावात मी लेझर किंवा एलईडीच सुचवेन. सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे की पुण्याला पाठवावं लागेल, हे पैसे देण्याआधी विचारा.

पायरी ८: घरी जुळवणी

फायर टीव्ही स्टिक किंवा तसल्या बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय असतो, ‘मॅच फ्रेम रेट’ किंवा त्यासारख्या नावाने. तो चालू करा. ॲपने साथ दिली तर सिनेमा सुरू होताना पडदा क्षणभर काळा होईल. प्रोजेक्टरचा वेग बदलतोय, एवढाच त्याचा अर्थ. सिनेमासाठी एक आणि क्रिकेटसाठी एक असे दोन पिक्चर मोड जतन करून ठेवा.

शेवटी आवाज. मधल्या फ्रेम बनवायला वेळ लागतो, त्यामुळे चित्र मागे पडतं. आवाज बॉक्समधून थेट स्पीकरला गेला असेल तर बॅटचा टक् आवाज आधी येतो आणि चेंडू नंतर लागताना दिसतो. अँप्लिफायर किंवा साउंडबारमध्ये आवाज मागे ढकलण्याची ‘ऑडिओ डिले’ सेटिंग असते. ती वीस-वीस मिलिसेकंदांनी वाढवत न्या आणि आवाज व चेंडू एकत्र आले की थांबा. ब्लूटूथ स्पीकरवर नेमकं उलट होतं, आवाजच उशिरा पोचतो, म्हणून स्पीकर वायरनेच जोडा.