गजकर्णाची ट्यूब लावण्याआधी तिच्यावरची नावं वाचा

यवतमाळकडच्या आमच्या भागात निंदण सुरू झालं की गजकर्ण वाढतं. बाया दिवसभर ओल्या लुगड्यात वावरात वाकलेल्या असतात, परकराच्या नाडीखाली घाम मुरतो. आशा सेविका म्हणून मी घरोघरी जाते, तेव्हा कोनाड्यात एखादी पिळून चपटी झालेली ट्यूब हमखास सापडते. आधी ती वाचायची.

क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल अशी ‘झोल’वर संपणारी नावं बुरशीच्या औषधांची. त्यांच्यासोबत क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन लिहिलं असेल तर त्यात स्टिरॉईड आहे. ती ट्यूब लावू नका. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून ती गुणकारी वाटते, पण बुरशी जिवंत राहते आणि पसरत जाते. चट्ट्याची लाल कड पुसट होते, मग डॉक्टरलाही तो पटकन ओळखू येत नाही. जांघेतली कातडी पातळ होऊन पट्टे पडतात, ते जात नाहीत. चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब विकू नये असा नियम आहे. तरी मेडिकलवर मिळते, म्हणून आपणच मागायची नाही.

पूर्वी टर्बिनाफिन या बुरशीवरच्या गोळीनं गजकर्ण बहुतेक जायचं. आता आपल्या देशात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी पसरली आहे. 2020 मध्ये तिला हे नाव मिळालं. ती बरेचदा टर्बिनाफिनला दाद देत नाही. तेव्हा शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. महिना झाला तरी फरक नसेल तर यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नाहीतर सेवाग्रामला त्वचा विभागात जा. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून ते मायक्रोस्कोपखाली बघतात.

मलम लावताना अंग आधी कोरडं करा. चट्ट्याच्या बाहेर बोटाच्या पेरभर जागेपासून आत लावत या. चट्टा दिसेनासा झाला तरी आणखी दोन आठवडे लावा. बहुतेक जण नेमके इथंच सोडतात. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल दिली असेल तर ती भरल्या पोटी घ्या, अ‍ॅसिडिटीच्या गोळीबरोबर नको. हृदयाचा आजार, गरोदरपण, चालू असलेल्या गोळ्या, सगळं डॉक्टरला आधीच सांगा.

आता करदोडा. घामानं चिकट झालेला तो काळा दोरा कमरेला घासत राहतो आणि चट्टा नेमका त्याच रेषेत धरतो. करदोडा तोडणं अशुभ मानतात, सासऱ्याला सांगणं सुनेला जड जातं. अशा घरी मी स्वतः बसून समजावते: बरं होईस्तोवर काढा, मग नवा बांधा.

टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात टाका. झडीत ऊन नसतं, तेव्हा आतल्या कपड्यांवर कडक इस्त्री फिरवा. घरात ज्याला ज्याला चट्टा आहे त्या सगळ्यांचं औषध एकाच वेळी सुरू करा, नाहीतर ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतं.

लेकराच्या डोक्यात चट्टा पडून केस गळत असतील तर मलमावर थांबू नका. तिथं पोटातूनच औषध द्यावं लागतं.